कॅसेटमधली घरघर

गायकवाडबाई वर्गात कधी ओरडल्या नाहीत. आमच्या शाळेत ओरडल्याशिवाय शिकवताच यायचं नाही. वर पत्रे, दोन वर्गांच्या मध्ये छातीएवढ्या भिंती, आणि बाहेर घाट चढायला लागलेले ट्रक. मी नोकरीला लागले त्याच पावसाळ्यात माझा घसा बसला तो दिवाळीपर्यंत उघडला नाही. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असायच्या आणि मागे न बघता म्हणायच्या, "खिडकीशी कोण पेन्सिल चावतंय?" पोरगं पेन्सिल तोंडातून काढायचं आणि वर्ग गप्प व्हायचा.

"कसं कळतं हो तुम्हांला?" मी एकदा विचारलं.

"ट्रक ओळखीचा आहे, पत्रा ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "ओळखीचं बाजूला काढत गेलं की अनोळखी तेवढं उरतं."

त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या, भाजी निवडताना सांगावं तसं.

मी मूळची कर्जतची. बाजारपेठेत आमचं घर, वडील वकिलाकडे कारकून. नोकरी खोपोलीला मिळाली म्हणून शिळफाट्याजवळच्या एका चाळीत खोली घेतली. शेजारच्या दोन खोल्यांत गायकवाडबाई आणि त्यांची सासू. मधली भिंत एका विटेची. माझ्यापेक्षा बाई दहाएक वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'कुसुम' म्हटलं आणि मी त्यांना 'बाई'. पुढे कितीही जवळीक झाली तरी त्यात बदल झाला नाही.

सावळ्या, उंच, किंचित वाकून चालणाऱ्या. केसांचा घट्ट अंबाडा. संध्याकाळी हातपाय धुऊन बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या, वंदना म्हणायच्या आणि मगच स्टोव्ह पेटवायच्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही खालापूरच्या आतल्या बाजूच्या गावांतलं. त्यांच्या आईवडिलांनी धम्म घेतला तेव्हा त्या लहान होत्या. गावात सातवी झालेली पहिली मुलगी त्याच. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, सासूनं सांगितलं. सासू म्हणजे भागाबाई. गुडघ्यानं अधू, तोंडानं धडधाकट.

बाईंचं लग्न उशिरा झालं होतं. नवरा, यशवंत, कारखान्यात वेल्डर होता. संप झाला, मग टाळं लागलं, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो आखातात गेला. तिकडून पहिल्याच रजेवर आलेल्या कुणाच्या तरी हाती त्यानं एक टू-इन-वन पाठवला. रेडिओ आणि टेप एकत्र, काळा, चांदीच्या पट्टीचा. चाळीतली सगळी माणसं बघायला आली. सोबत कोऱ्या कॅसेटी होत्या आणि निरोप होता की पत्र लिहू नका, यात बोला, कॅसेट भरून पाठवा. त्या वेळी आमच्या बाजूच्या बऱ्याच घरांतून असं चालायचं. शेलूचा एक माणूस यशवंतच्याच कंपनीत होता. त्याचं जाणंयेणं असायचं, तो कॅसेटी नेऊन द्यायचा.

पहिली कॅसेट भरली तेव्हा मी तिथेच होते. पत्र्याच्या ट्रंकेवर यंत्र ठेवलं, वर ट्यूबलाइट. बाईंनी दोन बटणं एकदम दाबली आणि एकदम ताठ बसल्या. "अहो, मी शकुंतला बोलते आहे. आपण सर्व कुशल आहोत." जशी काही शिक्षणाधिकाऱ्यांपुढे पाठ घेते आहे. मग त्यांनी सासूला खूण केली. भागाबाई पुढे सरकल्या, यंत्राच्या जाळीला तोंड लावलं आणि शेतातून हाक मारावी तशा ओरडल्या, "येसू रंऽ! जेवलास का?"

आणि थांबल्या.

"बोला की आत्या," बाई कुजबुजल्या.

"त्यो बोलल की आता."

"ते नाही बोलणार. तुम्ही बोला, ते नंतर ऐकतील."

"मंग मी इचारलं ते त्याला कवा कळायचं?" भागाबाई रागावल्या. पण पुढच्या प्रत्येक कॅसेटीत त्या असंच करत राहिल्या. विचारायच्या आणि थांबायच्या. त्यांच्या हिशेबी उत्तराला जागा सोडली नाही तर ते उद्धटपणाचं झालं असतं.

दीडेक महिन्यानं पत्र आलं. बाकी मजकूर नेहमीचा आणि शेवटी एक ओळ. कॅसेट मिळाली पण मागे नुसती घरघर येते, बोललेलं नीट कळत नाही.

बाईंनी पाठवण्याआधी ती कॅसेट लावून ऐकली होतीच, आणि स्वतःचा आवाज ऐकून इतक्या लाजल्या होत्या की बाकी काही त्यांच्या कानावरच आलं नव्हतं. आता त्यांनी नवी कॅसेट घातली, थोडं बोलल्या, थोडं गप्प बसल्या आणि लावून बघितलं. घरघर होती. जाड, एकसुरी, फिरता भोवरा गुणगुणावा तशी. बोलणं चालू असताना तिच्याकडे लक्ष जायचं नाही. भागाबाई उत्तरासाठी थांबल्या की मात्र ती सगळी खोली भरून टाकायची.

"खरं आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट काम मिळाल्यासारखं वाटलं. नवऱ्यानं तिकडे वाळवंटात बसून ऐकलं, त्याला अमुक ऐकू आलं नाही आणि ते त्यानं कळवलं. बोलणं सुरू झालं होतं.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं.

बाईंचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोराचं पोट दुखत असलं तर त्याच्या आईला सांगायच्या, आज फक्त शेव बंद कर, उद्या काय होतं ते बघ. दोन गोष्टी एकदम बंद केल्या तर कशानं थांबलं ते कळत नाही. तोच नियम त्यांनी घरघरीला लावला. आधी ट्यूबलाइट बंद करून कंदिलात कॅसेट भरली. घरघर थोडी कमी झाली. मग प्लग उलटा करून खोचला. आणखी थोडी कमी. मग यंत्र ट्रंकेवरून काढून लाकडी पाटावर ठेवलं. काही फरक नाही, पण पाट तिथेच राहिला. दर खेपेला त्या मला भिंतीवर टकटक करून बोलवायच्या. "कुसुम, ऐक गं. कालच्यापेक्षा कमी आहे की मला वाटतंय?" मला बहुतेक वेळा काहीच फरक कळायचा नाही. मी म्हणायची, कमी आहे.

"नाही," त्या म्हणायच्या. "तेवढीच आहे."

मग कुणीतरी सांगितलं, विजेवर लावूच नका, सेल घाला. मोठे सेल घातले आणि घरघर जवळजवळ गेली. बाईंनी आनंदानं दोन्ही बाजू भरल्या. पण ते दुकानात धूळ खात पडलेले सेल निघाले, भरता भरताच उतरत गेले आणि यंत्र हळू फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी विजेवर लावून बघतात तो सगळे आवाज चिरके, पळते. भागाबाई तर पाळण्यातल्या पोरीसारख्या. "येसू लं, जेवलास का?" आम्ही तिघी इतक्या हसलो की भागाबाईंना ठसका लागला. शेलूचा माणूस त्याच दिवशी निघणार होता. पुन्हा भरायला वेळ नव्हता.

"जाऊ दे हीच," बाई म्हणाल्या. "हसतील तरी."

पत्र आलं तेव्हा त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. शेवटी तीच ओळ होती. घरघर येते, नीट कळत नाही.

"हसल्याचं काही लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. पत्र पुन्हा उलटंसुलटं केलं. "विसरले असतील. कामाचे हाल असतात तिकडे."

त्यांनी पत्र मूर्तीखाली सरकवलं आणि कामाला लागल्या.

त्यानंतर त्या कर्जतला माझ्याबरोबर आल्या. स्टेशनजवळ एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्टर आले की पाठवा बाई, तुमच्यानं नाही व्हायचं." बाई म्हणाल्या, "मिस्टर यायच्या आत व्हायला पाहिजे." मग त्या स्टुलावर बसूनच राहिल्या. गिऱ्हाइकं येत राहिली, जात राहिली. शेवटी त्या माणसानं वैतागून सांगितलं की तुमच्या चाळीच्या विजेला जमिनीचा आधार, म्हणजे अर्थिंग, नसणार, तो द्या. आणि माइक यंत्रातला वापरू नका, वेगळा घ्या. यंत्र स्वतःच फिरताना आवाज करतं, ते त्याच्या पोटातला माइक ऐकणारच.

चाळीच्या मागे नळाजवळ बाईंनी गवंड्याकडून कमरेएवढा खड्डा घेतला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाइपाला तार बांधून ती खिडकीतून आत घेतली आणि यंत्राला जोडली. ती जागा ओली राहायला हवी म्हणून रोज सकाळी शाळेत निघण्याआधी त्या पाइपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायच्या. चाळीतल्या बायकांना हे बघवेना.

"बाई, लावलंय तरी काय?" एकीनं विचारलं.

"लोखंड."

"येईल का?"

"बघू," बाई म्हणाल्या.

भागाबाईंनी दोनतीन दिवस पाहिलं आणि मग त्याही त्या पाइपाला हात जोडून पुढे जायला लागल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "आत्या, आपण कशाकशाच्या पाया पडायचं सोडलं ना? मग याच्या कशाला पडता?" भागाबाई म्हणाल्या, "माज्या पोराचं काम करतो नव्हं त्यो?"

घरघर निम्म्यावर आली. मग वेगळा माइक आणला, त्याला लांब वायर लावली, आणि ती परत दुप्पट झाली. तो आठवडा बाईंचा वाईट गेला. मी पहिल्यांदा त्यांना वर्गात पोराला फटका मारताना पाहिलं. घरी आल्या की जमिनीवर बसून वायर इकडून तिकडे हलवायच्या, कान यंत्राशी. एकदा त्यांचं बोट माइकच्या धातूच्या टोपणाला लागलं आणि आवाज थांबला. बोट काढलं की सुरू, लावलं की बंद. त्या बोट लावूनच बसून राहिल्या आणि मला हाका मारायला लागल्या. "कुसुम! अगं बोट लावलं की थांबतंय!"

परत कर्जत. दुरुस्तीवाल्यानं या खेपेला स्टूल स्वतःहून पुढे केलं. साधी वायर हवेतली वीज पकडते, म्हणाला. आत तार आणि भोवती जाळी अशी वायर घ्या आणि ती जाळी पाइपाला जोडा. बाईंनी तसं केलं आणि विजेची घरघर गेली. अगदी गेली. उरली ती भिंतीतून येणारी थरथर. ती विजेची नव्हतीच, चाळीच्या टोकाला पिठाची गिरणी होती तिची होती. आम्हांला इतक्या वर्षांत ती ऐकू यायचीच बंद झाली होती. गिरणीवाला भला होता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही तो निवडक गिऱ्हाइकांचं दळायचा. बाई त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी दुपारभर खरंच बंद ठेवाल का? मला नवऱ्याशी बोलायचं आहे." तो गोंधळून हो म्हणाला.

ती कॅसेट भरली त्या दुपारी मी माझ्या खोलीत होते. गिरणी बंद. चाळीत बायका पोरांना दटावत होत्या, शूऽ, बाई बोलताहेत. यंत्र बाईंनी स्वयंपाकघरात नेऊन गोधडीत गुंडाळलं होतं, आणि बाहेरच्या खोलीत माइकपुढे त्या दोघी. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. बाई आता पाठ घेतल्यासारख्या बोलत नव्हत्या. दोन वर्षांत त्यांना त्या यंत्रापुढे बोलता यायला लागलं होतं. शाळेतल्या नवीन मुख्याध्यापकांची नक्कल त्यांनी केली. नळाला पाणी येत नाही ते सांगितलं. मग आवाज खाली आला आणि त्या म्हणाल्या की अंगणातल्या दोरीवर तुमचा निळा सदरा अजून मधूनमधून धुऊन वाळत घालते, घरात पुरुषमाणूस आहे असं दिसावं म्हणून. मी माझ्या खोलीतला रेडिओ लावायला उठले, आणि कॅसेटीत जाईल म्हणून तशीच बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. "ऐक," म्हणाल्या.

भागाबाईंनी विचारलं, जेवलास का. आणि थांबल्या. त्या थांबलेल्या जागेत काही नव्हतं. त्यांच्या हातातली एक बांगडी वाजली तेवढी ऐकू आली, आणि लांब घाटात एक ट्रक.

"ट्रक नाही काढता येणार," बाई म्हणाल्या. आणि हसल्या. मी त्यांना त्यापूर्वी आणि त्यानंतर तसं हसताना पाहिलं नाही. सगळा चेहरा सैल झाला होता.

कॅसेट गेली. पत्र आलं. शेवटी ओळ होती, अजून घरघर येते.

बाईंनी पत्र मूर्तीखाली सरकवलं. मग म्हणाल्या, "तिकडचं यंत्र असेल." त्यांनी एक अख्खी कॅसेट फक्त त्यावर भरली. अहो, आधी प्लग उलटा करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. जमिनीचा आधार आहे का विचारा. वाळू कोरडी असते, पाणी घालावं लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात यशवंत रजेवर आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मनात काय काय योजलं होतं कोण जाणे, प्रत्यक्षात एक थकलेला, बुटका, भला माणूस निघाला. हातांवर ठिणग्यांचे डाग. आईच्या गुडघ्याला तेल चोळत बसायचा. चाळीतल्या प्रत्येक घरी काही ना काही दिलं, मला साबणाच्या वड्या आणि अत्तराची बाटली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. बाईंनी सकाळपासून खपून वडे केले होते.

त्यानं पिशवीतून कॅसेटी काढल्या. "तिकडं गानी भरून घेतलीत," म्हणाला. "झकास लागतात, ऐका." आणि टू-इन-वनमध्ये एक घातली.

सिनेमाची गाणी होती. पोरं नाचायला लागली. बाई सगळ्यांना वाढत फिरत होत्या. एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी थोडी जागा रिकामी सुटली होती, भरणाऱ्यानं बटण उशिरा दाबलं असणार. तिथे बाईंचा आवाज आला.

"...आत्या, बोला आता."

आणि भागाबाईंचा. "येसू रं, जेवलास का?"

आणि मग ती थांबलेली जागा. पाठीमागे काहीही नव्हतं. घरघर नाही, खरखर नाही. खोलीतली पोरंसुद्धा क्षणभर थांबली होती. मग ढोल-ताशे वाजले आणि पुढचं गाणं सुरू झालं.

भागाबाईंनी टाळी वाजवली. "अगं बया! माजाच आवाज हाय की त्यो!"

यशवंतचा हात बटणाकडे गेला होता पण तो पोचेपर्यंत गाणं पुढे गेलं होतं. त्यानं हात मागे घेतला. "कुणीतरी कोरी समजून भरली," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

बाई वड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "आवाज स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मग पुढच्या माणसाला वाढलं.

दोन दिवसांनी मी नळावर पाणी भरत असताना यशवंत तिथे आला. पाइपाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला.

"बाई, तुमी तिच्या जवळच्या," तो म्हणाला. "तुमाला सांगतो. आमी बारा जण एका खोलीत ऱ्हातो. एकावर एक खाटा. यंत्र एकच, ते बी मुकादमाचं. पयली कॅसेट लावली तवा समदे गोळा झाले. आई म्हनली, जेवलास का. तर एक जण, बिहारचा, त्याला आपली भाषा येत नाय, त्यो रडाया लागला. मंग दुसरा. मी बंद केली. ही पुढं काय बोलली आसंल ते बारा जनांत कसं ऐकायचं? पुन्ना लावलीच नाय कवा."

"मग घरघर?"

"पयल्या कॅसेटीत व्हती की."

"आणि नंतरच्या?"

त्यानं पायानं पाइपाजवळची ओली माती दाबली. "काय लिवायचं मंग? ऐकली नाय आसं लिवू?"

त्यानं माझी भरलेली कळशी उचलून दारापर्यंत आणून दिली.

बाईंना त्यानं हेच सांगितलं होतं. ते मला पुढे कळलं, तो परत गेल्यावर. आम्ही शाळेतून येत होतो. मी म्हटलं, "त्यांचंही खरं आहे बाई. इतक्या माणसांत कसं ऐकणार?"

"खरंच आहे," त्या म्हणाल्या. "मी कुठे खोटं म्हणते?"

थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "होती ती घरघर मी शोधली, कुसुम. ट्यूबमधली शोधली, वायरमधली शोधली, गिरणीची शोधली. नव्हती ती कुठून काढू?"

जाताना यशवंत 'कॅसेट पाठव हां' म्हणाला होता आणि त्या 'हो' म्हणाल्या होत्या. पाठवतही होत्या. भागाबाईंना यंत्रापुढे बसवायच्या, बटण दाबायच्या आणि स्वतः आत भाकऱ्या थापायला जायच्या. यंत्र पुन्हा ट्रंकेवर, ट्यूब चालू, गिरणी चालू. माइक आणि ती जाळीची वायर फळीवर पडून असायची. म्हातारी एकटी ओरडायची, थांबायची, ओरडायची. स्वतःच्या आवाजात बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत.

एकदा मी म्हटलं, "बाई, घरघर येतेय की."

"येऊ दे," त्या आतून म्हणाल्या.

पाइपाला पाणी घालणं त्यांनी बंद केलं. उन्हाळ्यात भोवतीच्या मातीला भेगा गेल्या. चाळीतली पोरं त्याला गाय बांधावी तशी दोरी बांधून खेळायची.

भागाबाई एका पावसाळ्यात गेल्या. यशवंतला कळवलं, पण त्याला रजा मिळून तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं आईचा आवाज ऐकायला मागितला. घरात तिची एकही भरलेली कॅसेट नव्हती, सगळ्या त्याच्याकडे गेलेल्या. आणि त्याच्याकडे त्यांवर गाणी भरलेली होती. त्यानं एकेक कॅसेट लावून, प्रत्येक गाण्याच्या शेवटाला कान लावून पाहिलं. दुपारभर भिंतीपलीकडून मला तेवढंच ऐकू येत होतं. गाण्याचा शेवट, बटण, पुढच्या गाण्याचा शेवट, बटण. ज्यात ती जागा होती ती कॅसेट तिकडेच कुणीतरी नेली होती. बाई त्या वेळी ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. मी साखर मागायला म्हणून गेले आणि त्यांच्याजवळ बसले. त्या तांदळातले खडे काढत राहिल्या. मला वाटलं होतं त्या उठून त्याच्याजवळ जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांना तसं करण्यात समाधान वाटत होतं असंही नाही. त्यांच्यात उठण्याइतकं काही उरलंच नव्हतं.

त्याच वर्षी माझी बदली कर्जतला झाली आणि पुढे माझं लग्न होऊन मी नेरळला गेले. यशवंत कायमचा परत आल्याचं कानावर आलं. शिळफाट्यावर त्यानं ग्रिलचं वेल्डिंग सुरू केलं होतं. नवराबायको चाळीतच राहायचे. भांडणतंटा नाही. सगळे म्हणायचे, शांत जोडपं आहे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते एसटीतून. मी पेणला एका लग्नाला चालले होते. शिळफाट्याच्या थांब्यावर गाडी थांबली आणि मी खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर पलीकडे भाजीवाल्यापाशी त्या दोघी उभ्या होत्या, बाई आणि शाळेतली कुणी नवी शिक्षिका. बाईंचे केस पांढरे झाले होते. नवी शिक्षिका काहीतरी हसत हसत सांगत होती आणि बाई पिशवी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. मी खिडकीची काच खाली केली आणि हाक मारली, "बाई! ओ बाई!"

त्यांनी वर पाहिलं. लगेच ओळखलं. रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत आल्या. मधून एक टेंपो गेला, त्या थांबल्या, आणि तिथूनच बोलायला लागल्या. एखादा शब्द नव्हता, दोनचार वाक्यं होती. बोलताना त्यांनी एकदा छातीवर हात ठेवला आणि एकदा चाळीच्या दिशेला दाखवलं. ड्रायव्हरनं इंजिन रेटलं होतं, मागून ट्रक हॉर्न देत होते, आणि मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली. बाई बोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी खिडकीतून बाहेर वाकून जोरजोरात मान हलवली, ऐकल्यासारखी. गाडी वळली.